चादरीचं छत

बाबा, आज उरल्याच्या कारखान्याच्या साइटवर पुन्हा वारा सुटला आणि आम्ही छताचे पत्रे बसवायची चाकांवरची लिफ्ट खाली घेतली. तुमच्या वेळी वारा आला की मुकादम खालून ओरडायचा, दोनच पत्रे राहिलेत, उरकून घ्या. आता वारा मोजायचं यंत्र असतं. ते वाजलं की मुकादम तोंड वाकडं करतो, पण गप्प बसतो.

तुमचं ते छत आठवतं. वैशाखात लिफ्टच्या बास्केटमध्ये उभं राहून तुमचं डोकं तापायचं, म्हणून आईनं गोल बाजारातून आणलेली कोरी चादर कापली आणि चारी कोपऱ्यांना दुहेरी टाके घालून नाड्या लावल्या. तुम्ही ती चार दांड्यांना बांधलीत आणि साइटभर मिरवलीत. मग एका दुपारी अंधड आलं. चादरीत वारा भरला आणि लिफ्ट कलंडली. एखादी नाडी तुटली असती तर कदाचित निभावलं असतं, पण आईची शिलाई पक्की. बीरगांवच्या घरात तुम्ही खुबा मोडून खाटेवर पडलेले, आणि आईला सांगताय की चाकाखालची जमीन खचली. शेवटपर्यंत तेच सांगितलंत. ती अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ त्या जमिनीला शिव्या घालते.

मी कामाला लागलो त्या सकाळी तुम्ही मला दाराबाहेर बोलावलंत. काठीवर रेलून म्हणालात, "बास्केटले फडकंही बांधू नको, वारा भरते त्यात. अन् तुह्या मायले सांगू नको काहून." मला तुमचा राग आला होता. एवढं दुखणं भोगायचं आणि वर लपवायचंही.

या उन्हाळ्यात आईनं माझ्यासाठी तसंच छत शिवलं. तिला आता नीट दिसत नाही, तरी टाके दुहेरीच. मी नको म्हणालो, तर म्हणाली, "काहून नको? तुह्या बाबाले केवढं आवडे." उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. मी चादर घडी करून डब्याच्या पिशवीत घातली. जेवणाच्या सुट्टीत शेडमागे ती अंथरून मी आडवा होतो. चादर चांगली आहे.

हे पत्र घरी ठेवता येणार नाही, माझी पोट्टी आजीला वाचून दाखवेल. इथंच फाडून टाकीन. काल संध्याकाळी मी हातपाय धूत असताना आईनं विचारलं, "बांधलं ना रे छत?"

मी म्हणालो, "हव. मस्त सावली पडते."