काडेपेटीतली सुई

दादा,

तुम्हाला सहीपलीकडे लिहिता-वाचता येत नव्हतं. तेव्हा हे पत्र ऱ्हस्व-दीर्घ तपासून लिहितोय ते तुमच्यासाठी नाही, मला चुकीचं लिहिलेलं पाहवत नाही म्हणून. आज रविवार, मी कामाला जातो ती कापसाची जिनिंग बंद आहे. माय शेळ्या घेऊन ओढ्याकडे गेली आहे. हैदराबादकडे जाणारी पॅसेंजर साडेअकराला पिंगळीला थांबते आणि आत्ता नऊ वाजून दहा मिनिटं झाली आहेत. त्या गाडीत माझे शाळेतले मास्तरसाहेब असणार आहेत. स्टेशनावर जाऊन त्यांना एक गोष्ट सांगायची की नाही, हे पत्र संपेपर्यंत मला ठरवायचं आहे. त्याआधी एक वाक्य लिहून टाकतो, म्हणजे पुढे मन मवाळ झालं तरी ते गाळता येणार नाही. नऊ वर्षं मी तुम्हाला तुच्छ मानत आलो.

तुम्ही या स्टेशनावर पैंटमन होतात, गाड्यांचे रूळ बदलायचात. यंत्रांचा नाद साहेबाचा आणि खिसा पैंटमनचा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, माझंही तेच आहे. पण तो नाद परवडावा म्हणून तुम्ही जे करायचात ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. संपलेले सेल टॉर्चमधून काढून तुम्ही पत्र्यावर उन्हात ओळीनं मांडायचात. शेजारची बाई विचारायची, "काय वाळवण घातलंय, पापड का कुरड्या?" संध्याकाळी तो टॉर्च काजव्याएवढा उजेड द्यायचा, तोही दोन मिनिटं, आणि तुम्ही आम्हाला तो कौतुकानं बघायला लावायचात. एकच काटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ आणलंत तेव्हा माय म्हणाली, "मिनटाचा काटा कुठंय?" तुम्ही म्हणालात, "मिनटं सायबाला लागत्यात. आपल्याला तासावर भागतंय." रेल्वेत नोकरी करणारा माणूस असं बोलतो आणि त्याला ते शहाणपण वाटतं.

घड्याळ, टॉर्च हे हसण्यावारी नेता येईल. काडेपेटी नेता येत नाही. तुमच्या कोपरीच्या खिशात एक काडेपेटी असायची आणि तिच्यात फोनोची, म्हणजे ग्रामोफोनची, एक झिजलेली सुई. इतर सुयांत मिसळू नये म्हणून दिव्यावर तापवून तुम्ही तिचं टोक निळं केलं होतं. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर बरीच बिऱ्हाडं हलत होती आणि कोण सामान बांधतंय हे गावाआधी स्टेशनाला कळतं. तुम्ही विकणाऱ्याच्या घरी जायचात, फोनो बघायचात आणि म्हणायचात, "जरा सुई बदलून बघू का?" ताडकळसच्या बाजारातला चहावाला मला अजून दिसतो. तबकडी फिरायला लागते आणि कानात वाळू घालावी तसा आवाज येतो. तुम्ही पेटीला कान लावता, डोळे मिटता, उसासा सोडता.

"आतलं पान फाटलंय की हो."

"कसलं पान?"

"अभ्रकाचं. त्येच्यावरच आवाज निघतंय. आता ह्यो बाजा न्हाई, पेटी हाय. कांदे ठिवायला लय चांगली."

चुलीमागून त्याची बायको म्हणते, "म्या म्हनलं नव्हतं, दिसभर वाजवू नगा? आता घ्या." तो बिचारा तुमच्याकडे असा बघतो, जसा रोगी वैद्याकडे. अर्ध्या किमतीत तुम्ही पेटी उचलता. परतीच्या वाटेवर काडेपेटी उघडून मला सुई दाखवता आणि म्हणता, "मशीन चांगलंय का ते मला ठावं असतंय. इकणाऱ्याला ठावं नसतंय. तेवढाच आपला नफा." चार महिने ऐकून तो फोनो तुम्ही सोनपेठच्या बाजारात दीडपटीनं विकलात. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो आणि मला ते फार हुशारीचं वाटलं होतं, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं. तुच्छता मी नंतर शिकलो.

माझी काटकसर निराळी आहे. मी स्वतःच्या पोटाला चिमटा घेतो, दुसऱ्याच्या अज्ञानाला नाही. अडीच वर्षं मी जिनिंगच्या फाटकाबाहेर चहा प्यालेलो नाही. परभणीच्या एका दुकानात बॅटरीवर चालणारा जुना रेडिओ हेरून ठेवला आहे. मागचं झाकण उघडून त्याच्या आतले काचेचे दिवे, व्हॉल्व्ह, एकेक तपासले, बॅटरी किती दिवस पुरेल त्याचा हिशेब केला, पोस्टात जाऊन लायसनचे नियम वाचून आलो. गावच्या अडत्यासारखं मला करायचं नाही. त्यानं नवाकोरा सेट आणला, बायकोनं त्यावर मोरांचं झाकण भरलं आणि एरियलच्या तारेसाठी दोन बांबू जोडून इतके उंच उभे केले, की गाडीतल्या माणसालाही दिसावेत. कापसाचा भाव सांगून झाला की खटका बंद. गाणं लागलं तर म्हणतो, "बॅटरी खातंय उगी." ही माणसं रेडिओ ऐकत नाहीत, रेडिओ दाखवतात. माझ्या रेडिओला कमी पडत होते साठ रुपये आणि दुकानदार तुमच्या शेवटच्या फोनोचे तेवढे द्यायला तयार होता. तोच फोनो, जो मास्तरसाहेबांकडून घेतलात, एकदा वाजवलात आणि घोंगडीत गुंडाळून माळ्यावर ठेवलात. सुया झिजतील म्हणून बाप बाजाच वाजवत नाही, असं मी लोकांना हसून सांगायचो. तुम्ही गेल्यावरसुद्धा सांगायचो.

तर गेल्या गुरुवारी मास्तरसाहेब जिनिंगच्या फाटकाशी उभे. तुमच्या डोळ्यांसमोर आहेत त्यापेक्षा निम्मे झालेत. शेरवानीच्या कोपराला रफू, पण त्यांच्या अक्षरासारखंच बारीक आणि नीट. पेन्शनच्या कागदांसाठी आले होते. मला म्हणाले, "पहचाना क्या रे? अलिफ सीधा काढायचा तो तूच ना?" मी पाया पडलो. त्यांच्या हाताखाली उर्दूत सहा यत्ता झाल्या, मग शाळा मराठी झाली, त्यांची जागा गेली आणि मला लहान पोरांत बसून पुन्हा मुळाक्षरं गिरवावी लागली. एका वर्षात मी शाळा सोडली. अक्षर नीट काढायची खोड मात्र त्यांची. इकडचं-तिकडचं झाल्यावर ते हळूच म्हणाले, "वो बाजा हाय क्या अभी?" मी विचार करण्याआधी हो म्हणून बसलो.

काल शनिवारी ते पिंगळीला आले. मायनं त्यांना बाजेवर बसवलं, ताक दिलं. त्यांची बेगम दोन वर्षांपूर्वी वारली. शेवटी-शेवटी ती त्या बाज्याचं नाव काढायची. "जितने में दिया, उतने में वापस दे सकता क्या, बेटा? नक्को वाटलं तर नक्को बोल." चाळीस हाली, म्हणजे निजामी रुपये. आजच्या कलदारात चौतीस रुपये आणि वर थोडे पैसे. दुकानदार साठ देतो, हे माझ्या डोक्यात त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत येऊन गेलं. मग ते तुमच्याबद्दल बोलले.

"तेरे अब्बा तो अस्सी बोले थे. एक रोज पहले, स्टेशन पर. बोले, मास्तरसाब, माझ्या पोराला तुम्ही अक्षर दिलं, तुमच्याशी घासाघीस करणार न्हाई. फिर मशीनच खराब निकली. वो बिचारे क्या करते?"

दादा, हे मला माहीत नव्हतं. दहा वाजून पस्तीस मिनिटं झाली आहेत. आता त्या दिवसाचं जे मला माहीत होतं ते लिहितो. सकाळी तुम्ही धोतराच्या सोग्याला पैसे बांधलेत आणि काडेपेटी कोनाड्यात ठेवलीत. मला वाटलं, विसरलात. मी ती माझ्या खिशात टाकली. मास्तरसाहेबांच्या ओसरीवर ट्रंका बांधून ठेवलेल्या, दोऱ्यांची गुंडाळी, आणि मध्ये सतरंजीवर तो फोनो. ते सरबत आणायला आत गेले. तुम्ही चावी देऊन पाहिलीत, तबकडीवरची धूळ उपरण्यानं पुसलीत आणि मला म्हणालात, "लाव रे सुई, मला बारीक दिसंना." मी निळ्या टोकाची लावली. आवाज असा निघाला की आतून बेगमनं पडद्याआडून विचारलं, "क्या हुआ?" तुमचा चेहरा पडला. काय सोंग वठवतात, असं मला वाटलं. अभिमान वाटला. तुम्ही पुन्हा-पुन्हा कान लावलात, हात चोळलेत, म्हणालात, "मास्तरसाहेब, पान गेलंय हो. बसवायला परभणीत कुणी न्हाई, निजामाबादला धाडावं लागंल. मी चाळीस देतो, बाकीचं त्या कामाला." ते म्हणाले, "जो ठीक लगे." सोग्याच्या गाठीत आणखी पैसे होते ते मी पाहिलं होतं. ते बचतीचे समजलो मी.

घरी आल्यावर तुम्ही पान बघायला फोनोचं डोकं खोललंत. अभ्रक काचेसारखं शाबूत. मग सुई काढलीत. दारात जाऊन उजेडात धरलीत. पाकिटातली नवी सुई लावून तबकडी फिरवलीत, आणि तबकडीतली बाई इतकी स्वच्छ गायला लागली की माय पीठ मळता-मळता थांबली. पाव तबकडी झाली असेल, तुम्ही हातानं थांबवलीत. निळी सुई काडेपेटीत घातलीत, काडेपेटी कोनाड्यात ठेवलीत. माझ्याकडे बघितलं नाहीत. मी शाबासकीची वाट बघत उभा होतो. दुसऱ्या दिवशी ड्यूटी नसताना सकाळीच स्टेशनावर गेलात. परत आलात तेव्हा मायनं विचारलं, कुठं गेलतात. "सुया आणायला." हातात सुया नव्हत्या. पिंगळीच्या स्टेशनावर सुया मिळत नाहीत, हे मला तेव्हासुद्धा माहीत होतं. मास्तरसाहेबांचं बिऱ्हाड पहाटेच्या गाडीनं गेलं होतं. त्यानंतर तुम्ही एकही यंत्र घेतलं नाहीत, पुढच्या भादव्यात तीन दिवसांच्या तापानं गेलात, आणि मी म्हणत राहिलो, वय वाढलं की कंजूसपणा वाढतो.

काल मी माळ्यावरून फोनो काढला. घोंगडी झटकली, चावी दिली, नवी सुई लावली. मास्तरसाहेब डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "एकदम साफ. पान बदललं?"

"हो," मी म्हणालो.

"अब्बा ने?"

"हो."

"कारीगर आदमी." त्यांनी रुमालातून चौतीस रुपये मोजून ठेवले आणि वर पाचाची नोट. "ये उनकी मेहनत के. लेना पडेगा." मी नको म्हणालो, एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा त्यांनी म्हटलं तेव्हा घेतली. मायनं फोनो जुन्या धोतरात बांधून दिला. तुमच्याच. तुमच्या सगळ्या लबाड्यांची मला अजून चीड आहे. चहावाल्याची, उन्हातल्या सेलांची, त्या एका काट्याची. पण मास्तरसाहेबांशी झालेली जी लबाडी मी नऊ वर्षं तुमच्या नावावर मांडली ती तुमची नव्हती, आणि काल तुमच्या नावावर जी कारागिरी लावली तीही तुमची नव्हती.

स्टेशन इथून बारा मिनिटांवर आहे. अकरा वाजून अठराला निघायला हवं. पाच रुपये खिशात घातले आहेत, काडेपेटीही घेतली आहे. गाडी इथं दोन मिनिटं थांबते. सांगायला एक मिनिट पुरेल. एवढ्यात हे पत्र एकदा पहिल्यापासून वाचून घेतो.

दादा, गाडी आत्ता गेली. पुलावरून जाताना शिट्टी देते ती ऐकली. तुम्ही उशिरा का होईना, निदान गेला होतात. मी इथंच बसून चारही पानं तपासत होतो, आणि चूक एकही सापडली नाही.