कपाटामागचा पिस्ता

२८ सप्टें., रवि.

मुग्धा पवईहून आली ती शेडकार्ड घेऊनच. वरच्यांच्या बाथरूमचं गळणं एकदाचं थांबलं, हॉलच्या भिंतीला नवं प्लॅस्टर झालं, आता रंग. दिवाळीच्या आत. लेकीचं म्हणणं, सगळं घर ग्रे. 'वॉर्म ग्रे' असतो म्हणे. राखेला ऊब चुलीत असते, भिंतीवर कुठून येणार? म्हटलं, आपला सोफा मरून, पडदे तुझ्या आजीने विणलेले, शोकेस सागवानी, खाली मोझॅकचे काळे-पिवळे ठिपके. ह्यात ग्रे बसतो कुठे?

"म्हणूनच ग्रे. आई, तुझ्या घरात सगळंच ओरडतंय. भिंतींनी तरी गप्प बसावं."

हसायला आलं. खरं बोलते कधीकधी.

ह्यांनी शेडकार्ड बराच वेळ हातात धरलं. एकेका चौकोनावर बोट ठेवून बघितलं आणि घडी घालून खिशात टाकलं. मी मागायला गेले तर म्हणाले, रेशनकार्ड आहे, हरवशील.

२ ऑक्टो., दसरा

ह्यांनी आपट्याचं पान दिलं. "सोनं घ्या." घ्या! मला अहोजाहो. मग स्वतःच हसले, "घे गं."

दुखणं सुरू होऊन दोन वर्षं होतील. आधी नावं गेली, मग रस्ते. स्टेशनावरून घर सापडेना तेव्हा डॉ.नी सांगितलं, हा विसरण्याचाच आजार आहे, पुढे वाढत जाणार. माझं नाव अजून आहे. रोज सकाळी चहा देताना विचारते, मी कोण? "सुमन." बस्स. तेवढं ऐकलं की दिवस ढकलता येतो. मुग्धाला हे सांगितलेलं नाही. ती म्हणेल, आई, कशाला परीक्षा घेतेस त्यांची.

५ ऑक्टो., रवि.

भिंतीवर तीन ग्रेचे पट्टे मारून घेतले. सकाळी एक बरा वाटतो, ट्यूबलाइटखाली दुसरा. सोफ्याची उशी नेऊन प्रत्येकाशेजारी धरली. एक जरा पिवळसर झाक असलेला आहे, त्याच्याजवळ मरून खरंच उठून दिसतो. पडद्यांचा क्रीमही मळका वाटत नाही. मी हरले. पण आनंदाने हरले, कारण घरात काहीतरी नवं होणार ह्याचंच बरं वाटत होतं. किती दिवस औषधं आणि चादरी, दुसरं काही नाहीच.

८ ऑक्टो.

पेंटर माणसं घेऊन आला. घासकाम. सगळीकडे धूळ, डाळीतसुद्धा. ह्यांना दिवसभर समोर हंसाबेनकडे ठेवलं. त्या बिचाऱ्या कधी नाही म्हणत नाहीत. ह्यांना गाठिया देतात आणि गुजरातीत बोलत राहतात, हे मान डोलावतात. दोघांचं छान चालतं.

माईंचं शिसवी कपाट हलवायचं का, पेंटरने विचारलं. नको. सासूबाईंच्या त्या कपाटाला चार माणसं लागतात. आमच्याकडे रंग नेहमी कपाटाला वळसा घालूनच लागतो. मागे कोण बघतंय.

१४ ऑक्टो.

झालं. आणि झकास झालं. घर मोठं वाटतंय. मुग्धाने फोटो काढून चार ठिकाणी पाठवले.

ह्यांना हंसाबेनकडून आणलं तर दारातच थांबले. पाय आत टाकेनात. चपला काढून हातात घेतल्या.

"कुणाचं गं घर?"

म्हटलं, आपलं. "नाय." बस, एवढंच. शेवटी हात धरून आत आणलं. नव्या वासाने असेल. दोन दिवसांत सवय होईल.

१८ ऑक्टो., धनतेरस

सवय नाही. दिवे लागले की सुरू. "माका घराक जावचा आसा." लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माझ्याशी कधी मालवणी बोलले नाहीत. ती माईंशी बोलायची भाषा. माझ्याशी मुंबईची मराठी. आता माझ्याशीच मालवणीत, पण माझ्याकडे न बघता.

खाली नेलं, बिल्डिंगला एक फेरी मारली, वर आणलं. "आलं बघा घर." पूर्वी ह्या युक्तीने भागायचं. आज दारातून भिंत बघितली आणि जिना उतरायला लागले.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन

सोफ्याच्या कडेला बसले होते, पाहुणे बसतात तसे. स्वतः घेतलेला सोफा. चकली हातात दिली तर "कशाला त्रास घेतलात". पूजा झाल्यावर उठले, नमस्कार केला. येतो म्हणाले, उशीर झाला, घरी वाट बघत असतील.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मुग्धा मागोमाग येऊन रडली. माझ्यामुळे झालं म्हणायला लागली. म्हटलं, गप. कार्ड तू आणलंस, हो मी म्हटलं. डॉ.नी सांगितलंच होतं, ओळखीच्या वस्तू हलवू नका. आम्ही एक वस्तू हलवली नाही गं. वाटी इकडची तिकडे केली नाही. भिंत ही वस्तू असते हे कुठे ठाऊक होतं.

२५ ऑक्टो., शनि.

पेंटरला परत बोलावलं. जुना रंग हवा, होता तोच. तो म्हणाला, वह कौनसा था? आणि मला सांगता येईना! ना हिरवा, ना पांढरा. शिळ्या ताकासारखा. सगळ्या भिंती घासून पुट्टी मारलेली, जुना कण उरलेला नाही.

मग कपाट आठवलं. चार माणसं बोलावली. कपाट सरकलं आणि मागे बघते तर पिस्ता! कोवळा, ताजा, काल दिल्यासारखा. माई असताना दिला होता, मुग्धा तेव्हा दुसरीत-तिसरीत. पसंती ह्यांची. त्यानंतर आधी माईंचं आजारपण, मग हे ना ते, रंग राहूनच गेला. उन्हाने, धुराने भिंती कधी फिक्या पडल्या कळलंच नाही. एवढा हिरवा होता हे मी साफ विसरले होते. आणि विसरण्याचा आजार म्हणे ह्यांना.

पेंटरने खपली काढून दुकानात नेली. कॉम्प्युटरवर तंतोतंत शेड मिळाली. मुग्धा फोनवर: "आई, मरून सोफ्याला पिस्ता? वाट लागेल घराची." लागू दे. ह्या वेळी रंग सोफ्यासाठी नाहीये.

१ नोव्हें.

ओळखलं! दारातून आत आले, भिंतीवर तळवा ठेवला, सरळ आपल्या खिडकीच्या कोपऱ्यात जाऊन बसले. चपला जागच्या जागी. "बरो दिलो रंग." दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरी मागितली. दिवे लागले तरी घराचं नाव काढलं नाही. हंसाबेन बघायला आल्या आणि डोळे पुसत गेल्या.

सोफा खरंच भयंकर दिसतो. दिसेना का. किती दिवसांनी मीसुद्धा पोटभर जेवले.

५ नोव्हें.

शांत झोपतात. स्वतःशी गुणगुणतात.

आज मात्र दोनदा विचारलं, आई खंय? माईंना जाऊन किती वर्षं झाली. मी म्हटलं, देवळात गेल्यात. पटलं त्यांना. माईंसाठी चहा झाकून ठेवायला लावला. दुपारी चप्पल घालून दाराशी उभे, मुग्धाला शाळेतून आणायची वेळ झाली म्हणून. पूर्वी आणायचेच. ह्यांची फर्स्ट शिफ्ट असायची, दुपारी घरी. मुग्धाला आणायचं आणि मी साडेसहाला ऑफिसातून येईपर्यंत चहाचं आधण ठेवून बसायचं. बेल वाजली की ह्यांनीच दार उघडायचं. माईंनाही उठू द्यायचे नाहीत.

सकाळी नाव विचारायचं राहिलं. राहिलं नाही. विचारलं नाही.

९ नोव्हें., रवि.

मुग्धाशी "ताई, बसा" करून बोलले. ती हसली, आणि मग बाथरूममध्ये बराच वेळ नळ सोडून होती.

आज विचारलं. मी कोण? ह्यांनी नीट बघितलं, अगदी मनापासून. संकोचले. "माईंच्या भजनातल्या ना तुम्ही?"

मी कपबशी उचलून आत गेले. सगळं कळलं मला. भिंती फिक्या पडत गेल्या तशी मीही पडत गेले. हे रोज भिंतीला आणि मला, दोघींना बघत होते म्हणून ओळखत होते. मी भिंतीला एका आठवड्यात तरणी केली. मी आहे तशीच. ह्या पिस्ता रंगाच्या घरातली सुमन काळ्या केसांची. ती अजून ऑफिसातून आलेली नाही.

रागही आला. कुणाचा ते कळेना. कपाटाचाच आला. एवढी वर्षं मागे जपून ठेवायला कुणी सांगितलं होतं?

१२ नोव्हें.

डॉ. म्हणाले, रंगाने एवढं होत नाही, दुखणंच पुढे सरकलं असेल. असेल. त्यांनी माझं घर बघितलेलं नाही.

१६ नोव्हें., रवि.

मुग्धाने मार्ग काढलाय. पिस्त्यात पांढरा मिसळून फिका करायचा, शिळ्या ताकाइतका. पेंटर विचारतोय, येऊ का. ह्या एका महिन्यात तिसरा रंग, तो मला वेडीच समजत असणार. काय सांगू त्याला? फिका केला आणि हे पुन्हा जिना उतरायला लागले तर? आत्ता निदान घरी आहेत. पोटभर जेवतात, हसतात. त्यांचं सगळं आहे, फक्त मी नाही. आणि मला मी हवी आहे त्यांच्यात. आहे स्वार्थी, काय करू.

संध्याकाळी खिडकीशी उभी होते. मागून आले, सोफ्यावरची उशी झटकली.

"उभ्या कित्याक? बसा वायच. आमची मंडळी येतली आता ऑफिसातसून."

बसले. ते समोर बसले. किती आनंदात वाट बघत होते माझी! मान सारखी दाराकडे. मधूनच घड्याळाकडे. आत जाऊन रिकामं पातेलं ओट्यावर ठेवून आले. मी पूर्वी यायचे तेव्हा चहा तयार असायचा, एवढंच मला माहीत होतं. त्याआधी माणूस असा बसलेला असतो हे मी कधी बघितलंच नव्हतं. साडेसहा झाले, सात झाले. "गर्दी असतली," मलाच धीर देत म्हणाले. मग हळूहळू चेहरा पडत गेला. मला बघवेना.

पेंटरला म्हटलं, उद्याचा दिवस थांब.

कपाटातून ऑफिसची जुनी पर्स काढली. बंद तुटला होता, शिवून ठेवला. हंसाबेनना सांगितलंय, उद्या सहाला येऊन ह्यांच्याजवळ बसा, पण बेल वाजली तर उठू नका. मी खाली जाऊन कट्ट्यावर बसेन. साडेसहाला पर्स खांद्याला लावून वर येईन आणि बेल वाजवीन. दार उघडतील तेच.