काटा चारशेवर

२ एप्रिल १९३८, लोणावळा
या हातांनी आजवर केलेलं: हार्मोनियमचे भाते एकशे अकरा, भिंतीवरची घड्याळं चार, हवेचा दाब मोजायचं यंत्र एक. शिकवलं कुणी नाही. वराळ्याहून हत्यारं घेऊन आज कुरवंड्याच्या वाटेवरच्या बंगल्यात उतरलो. मालक दीनानाथ वकील. स्वतःचं विमान आहे. ढगात काही दिसत नसताना नुसत्या काट्यांवर विमान चालवायची परीक्षा त्यांना द्यायची आहे. सरावासाठी मी जमिनीवरचं विमान करायचं: भात्यांवर डुलणारा सागवानी खोका, वर पडदा, आत दिवा आणि काटे. मागची शेड मिळाली. उजेड उत्तम.

२० मे
खोका झाला. वकील आत बसून पडदा ओढतात, मी बाहेरून पायाने भाते मारतो. नियम एकच: अंग काही सांगो, विश्वास काट्यावर. स्वयंपाकाच्या नंदाबाई म्हणाल्या, कादरभाऊ, सायेब रोज बसत्यात पन पोचत कुटंच न्हाईत, त्यापरीस टांगा बरा. वकिलांच्या पत्नी सरोजिनीबाई खूप हसल्या. खऱ्या विमानातला विलायती उंचीमापक काढून मी माझा बसवला.

९ जुलै
दुपारी जुहूहून वकिलांचा फोन. विमान जमिनीवर, तरी काटा चारशे फूट दाखवतो, चाललंय ना? मी म्हणालो, माझा काटा खोटं सांगत नाही, हवेत गेला की सरळ होईल. नंतर दाब पाहिला. खूप उतरला होता. दाब उतरला की काटा उंची जास्त सांगतो. फोन लावला. ते निघाले होते.

१० जुलै
वकिलांचं विमान नागफणीच्या कड्यावर आदळलं, धुक्यात. माथ्याच्या चारशे फूट खाली.

१८ जुलै
सरोजिनीबाई शेडमध्ये येऊन गेल्या. त्यांचं म्हणणं मी मानलं नाही. खोक्यात दोष नाही.

२१ जुलै
चार वाजता भात्यांचा आवाज. भाते मारायला बाहेर कुणी नाही. खोक्यातला काटा चारशेवर. शून्यावर आणला.

२२ जुलै
पुन्हा चारशे. तीनदा शून्य केला. नंदाबाईंनी काम सोडलं. म्हणाल्या, आत सायेब हायेत, मोजत्यात.

२४ जुलै
दोष शोधायला आत बसलो. दुपारचे चार. पडदा आपोआप— बाहेरून कुणीतरी भाते मारतंय. पडदा सरकत नाही. दिव्यात लिहितोय.

काटा चढतोय. आठशे. हजार.
अंग म्हणतं, खाली. थंड धुकं आत—
नियम मीच सांगितला. विश्वास काट्यावर—
दोन हजार. आणि समोर खडक—

हा खोका फोडून जाळा म्हणून सरोजिनीबाई पैसे देत होत्या. मी म्हणालो, हातची वस्तू मी जाळत नाही. बाराशे रुपये रोख, आणि मी—