चांदीची पिकअप आणि झिजलेली केबल

स्ट्रातिस,

पिकअप मी घेऊन जातेय. आईही बरोबर आहे; ऑलिव्हची पोती घाण्यावर टाकून संध्याकाळी परत येऊ. कॉफी हवी असेल तर स्वतः कर.

ॲक्सिलरेटरची नवी केबल आज सकाळी मीच बसवली. इस्टरपासून तुझ्या सीटखाली पडली होती, पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती! जुन्या केबलच्या तारा सुटून नळीत अडकत होत्या, म्हणून तर त्या दिवशी उतारावर तू पाय काढलास तरी गाडी पळतच राहिली. शेजारी आई बसली होती, आठवतंय ना? चर्चच्या भिंतीवर आदळलात म्हणून दरीत गेला नाहीत.

आणि तू काय केलंस? संत योर्गीने वाचवलं म्हणून गावभर सांगत सुटलास, चांदीची इवलीशी पिकअप करवून चर्चमधल्या त्याच्या तसबिरीला वाहिलीस, आणि त्याच केबलवर पुन्हा आईला घेऊन निघालास! अरे, काही लाज? त्या संताने काय जन्मभर तुझा ब्रेक दाबत बसायचं?

नव्या केबलला थोडी ढील मुद्दाम ठेवली आहे. ताणायला जाऊ नकोस, नाहीतर पाय काढूनही गाडी पळेल. हात लावलास तर बघ!

जुनी केबल शोधू नकोस. ती मी आत्ताच संत योर्गीच्या तसबिरीला टांगून आलेय, तुझ्या चांदीच्या पिकअपशेजारी. रविवारी सगळं गाव बघेल. मला वाटलं होतं, आई अडवेल.

तिनेच स्टूल धरलं.

तुझी ताई,
आर्यिरो