माझ्या डोळ्यांदेखत

३ फेब्रुवारी, सकाळ
चहाआधीच डोकं फिरलं. कोर्टाचं समन्स. छत्तीस वर्षांपूर्वी मैदानावरच्या जाहीर सभेत आमच्या नेत्यांना गोळ्या घातल्या, तो खटला पुन्हा उघडला आहे. तेव्हा सभेच्या माइकवाल्याला जन्मठेप झाली, ती माझ्या साक्षीवर. आता त्याच्या मुलीने अर्ज केलाय की माझी साक्ष विश्वासार्ह नाही. ही मुलगी तेव्हा पाळण्यात होती. पाळण्यातून हिला काय दिसलं?

मी विश्वासार्ह नाही? उभं आयुष्य बातमीदारीत गेलं, एकदा खुलासा छापावा लागला नाही. (दोनदा लागला. पण ते खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरमुळे.)

ठराव: कोर्टात चिडायचं नाही. फक्त ‘हो’ आणि ‘नाही’. कविता अजिबात म्हणायच्या नाहीत.

५ फेब्रुवारी
तेव्हाची माझी बातमी काढून वाचली. मथळा ‘माझ्या डोळ्यांदेखत’. ‘मावळतीचं ऊन पिस्तुलाच्या नळीवर क्षणभर थबकलं, आणि मग सगळा काळोख झाला.’ काय वाक्य आहे. तेव्हाच्या न्यायाधीशांनी ते जसंच्या तसं निकालपत्रात घेतलं होतं. इतकं चांगलं वाक्य खोटं असूच शकत नाही.

जावयाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, पण बाबा, पिस्तूल सापडलंच नव्हतं ना? जावयाशी बोलणं बंद. जेवताना मीठ लागलं म्हणून तेवढं बोललो.

९ फेब्रुवारी, दुपार
आमच्याच जुन्या पेपरात मथळा: ‘तो साक्षीदार ऐकीव बोलला?’ शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की अब्रूनुकसानीचा दावा लागत नाही, ही युक्ती आमच्याच पिढीने शोधली. आणि आता ती माझ्यावर. ही पोरं एसीत बसून स्क्रीनवर जग बघतात. आम्ही मैदानाची धूळ खाल्ली आहे.

संपादकांना चार पानी पत्र लिहिलं. आमची ही म्हणाली, राग उतरला की टाका. राग उतरला नाही. पाकीट सापडलं नाही.

१२ फेब्रुवारी
स्मरणशक्तीची परीक्षा घेतली. सकाळी फिरताना चौथीपासूनच्या सगळ्या कविता म्हटल्या, चालीवर. एका शार्दूलविक्रीडितात शेवटची ओळ येईना. मग मी माझी घातली. मुळापेक्षा सरस बसली. शाळेत मास्तर म्हणायचे, गण जुळले की ओळ बरोबर. काय ते मास्तर, काय ती शाळा. खिडकीतून चिंच दिसायची. की कडुनिंब. झाड होतं हे नक्की.

सत्तरीत ही स्मरणशक्ती. आणि मी म्हणे ऐकीव.

१५ फेब्रुवारी
आज हिने चकित केलं. ही तेव्हा आमच्या पेपरच्या ऑफिसात होती. बाहेरून फोनवर आलेल्या बातम्या उतरवून घ्यायची. आमचं जमलं ते त्या फोनवरच. ती गोष्ट मी घरातल्या प्रत्येक कार्यक्रमात सांगतो आणि ही दर वेळी ‘पुरे आता’ म्हणून उठून जाते. आज चहा देताना स्वतःहून म्हणाली, तिथे ती फोनची गोष्टही सांगा ना, मी येणार आहे ऐकायला.

डोळ्यांत पाणी आलं. वय झालं की बायका हळव्या होतात. ठरावात दुरुस्ती: ‘हो’, ‘नाही’ आणि फोनची गोष्ट.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
विजय. निर्विवाद. सविस्तर लिहितो.

त्या मुलीची वकीलबाई आमच्या लेकीहून लहान. मी भांडायला तयार होऊन गेलो, तर बाई साखर. काका, दमला असाल तर बसून बोला. कोर्टात काका. त्या रागात मी शेवटपर्यंत उभा राहिलो. गुडघा गेला. माइकवाला मागच्या बाकावर बसला होता म्हणे. मी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

तिने स्मरणशक्तीबद्दल विचारलं. मी सातवीतली कविता सुरू केली. दुसऱ्या कडव्यावर न्यायाधीशांनी थांबवलं. कविता पुरी झालीच नाही, म्हणजे ठराव मोडला नाही.

मग म्हणाली, सभा चालू असताना तुमचं नेमकं काम काय असायचं? मी सगळं समजावलं. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती लवकर छापावी लागायची, ती काही सभा संपायची वाट बघत नसे. म्हणून भाषणाची प्रत दुपारीच मिळवायची आणि बातमी सभेआधीच लिहून ठेवायची. टाळ्या कुठे पडणार तेसुद्धा. भाषण सुरू झालं की मैदानामागच्या सायकलच्या दुकानात जायचं आणि तिथल्या फोनवरून ऑफिसला सगळी सांगायची. सगळेच बातमीदार असं करायचे. ही शिस्त होती.

“त्या दिवशीही?” तिने विचारलं.

आता इथे माझा तोल गेला. “त्या दिवशी मी काय रजेवर होतो? उभ्या नोकरीत डाक आवृत्ती एकदा चुकवली नाही मी.” आणि त्याच जोरात फोनची गोष्ट सांगितली. मी फोनवर सांगत होतो, ‘टाळ्यांच्या प्रचंड कडकडाटात’, आणि पलीकडून ही म्हणाली, ‘ऐकू येतायत हो, इथपर्यंत.’ बातमी सोडून तिचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी तिथेच ठरवलं की लग्न करीन तर हिच्याशी.

एक शिपाई हसला. वकीलबाई अगदी हळू म्हणाली, “म्हणजे टाळ्या खरंच पडल्या होत्या?”

“टाळ्या कसल्या? गोळ्याच होत्या त्या. हिला टाळ्या वाटल्या.”

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. मग हिला उभं केलं, शपथ दिली, आणि हे खरं का म्हणून विचारलं. ही म्हणाली, खरं. आवाज झाले तेव्हा हे फोनवरच होते. नंतर थांब, बघून येतो म्हणाले आणि फोन लटकता ठेवून गेले.

यावर वकीलबाईला एकही प्रश्न सुचला नाही. निरुत्तर. सरकारी वकीलसुद्धा डोकं धरून बसले होते, इतके भारावले. लग्नाची कबुली भर कोर्टात शपथेवर देणारी बायको कितीजणांच्या नशिबी येते?

२१ फेब्रुवारी
ही कालपासून गप्प. विचारलं, कौतुक केलं मी तुझं तिथे, तर हे काय?

भांडी विसळता विसळता म्हणाली, “एक गोष्ट तुम्ही घरात सांगायचात आणि एक कोर्टात. दोन्ही एकाच संध्याकाळच्या, हे माझ्याही डोक्यात कधी आलं नाही. माइकवाल्याच्या मुलीचा फोटो पेपरात पाहिला त्या दिवशी आलं.”

मी म्हणालो, खरा बातमीदार एका वेळी दोन ठिकाणी असतो. तिने पातेलं असं आपटलं की मी बैठकीत येऊन बसलो. संताप आला आहे, पण कोणावर ते ठरत नाही. वकीलबाईवर, धरून चालू.

११ मार्च
निकाल. जावयाने मोबाइलवर वाचून दाखवला. साक्षीदार लबाड माणूस वाटत नाही, फोनबद्दल त्याने आणि त्याच्या पत्नीने सांगितलेलं कोर्ट पूर्णपणे खरं मानतं. इथवर ऐकून मी जावयाकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली. तर तो पुढचं वाचत होता. सबब, गोळ्या झाडताना पाहिल्याचं तो जे सांगतो ते खरं मानता येणार नाही. माइकवाला सुटला.

हा कुठला न्याय? माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून माझ्यावर अविश्वास? अपील करणार. जावई म्हणाला, साक्षीदाराला अपील नसतं. जावयाशी बोलणं कायमचं बंद.

ही संध्याकाळी देवापुढे बराच वेळ बसली होती. माझ्यासाठीच असणार.

१४ मार्च
पेपरासाठी सडेतोड खुलासा लिहायला घेतला. सुरुवात झकास: ‘त्याने उजवा हात उचलला.’ मग आठवलं, उजव्या हातात माइक असणार. खोडलं. ‘डावा हात उचलला.’ ओळीला ठेका येईना. ‘हात उचलला’ एवढंच ठेवलं. पुढे मावळतीचं ऊन होतंच.

तीन वेळा चहा मागितला. एकदा मिळाला.

१९ मार्च, दुपार
हे लिहावं की नाही, कळत नाही.

बेल वाजली म्हणून दार उघडलं. एक म्हातारा, धुवट शर्ट, हातात पिशवी. पाण्याचं मीटर बघणारे नेहमी माझ्या झोपेच्या वेळी येतात. मी चिडून म्हणालो, मीटर मागच्या बाजूला आहे, पुढून कशाला बेल वाजवता? तो मुकाट मागे गेला. मी दार लावून आडवा झालो.

बऱ्याच वेळाने ही मागच्या अंगणात कपडे काढायला गेली. तो मीटरपाशी भिंतीला लागून उभा होता. हिने विचारलं तर म्हणाला, साहेबांनी इथे जायला सांगितलं.

तो माइकवाला होता.

हिने त्याला आत आणून खुर्चीवर बसवलं. तो हिचे आभार मानायला आला होता. मी समोरच्या खुर्चीवर. मी त्याला मैदानावर ओळखलं होतं, खटल्यात बोट दाखवलं होतं. बोलावं असं पुष्कळ होतं. म्हणालो, पंखा लावू का? तो म्हणाला, नको, वाऱ्याची सवय नाही राहिली. चहा प्याला. कप आत नेऊन ठेवायला उठला तेव्हा हिने तो हातातून घेतला.

तो गेल्यावर ही दार लावून माझ्यासमोर येऊन बसली. “आता सांगा, कसा दिसत होता?”

मी म्हणालो, सावळा. उंच. दाढी होती.

ती तशीच बघत राहिली.

दाढी नसावी बहुतेक.