कोरमची वही

मुंबई, ४ ऑगस्ट २००३

तीर्थरूप काळूरामकाकांस,

हरेशचा वाकून नमस्कार (खोलीत टेबल नाही, पलंगावर वही ठेवून लिहितो आहे, त्यामुळे खरोखरच वाकलो आहे). तुमची कंबर कशी आहे? धसईच्या बाजाराला एसटीनेच जात जा. गावच्या सरपंचाने दुसऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून खड्ड्याखड्ड्याला ओरडणे बरे दिसत नाही. माझी तब्येत ठीक आहे, मन नाही.

तुमच्या इच्छेखातर मी लोकप्रशासन विभागात नाव घातले. तिथे फाइल कुठून कुठे जाते ते शिकवतात. का जाते असे विचारले की सर घड्याळ पाहतात. म्हणून त्याच विद्यापीठातल्या राज्यशास्त्र विभागात जायचे ठरवले. तुम्ही फोनवर म्हणालात, "येवढा घोडा झाला नि आता शाळा बदलतोस? राजकारण शिकायला फी कशाला रे? माझ्याकडं ये, फुकट शिकवतो." मी रागाने फोन ठेवला. आता वाटते, तुम्ही आधीच शिकवून ठेवले होते.

झाले असे. मंगळवारी तिथल्या कारखानीस बाईंनी भेटायला बोलावले. राज्यशास्त्रच का, एवढेच विचारले. मी उभा राहिलो (बसून मला बोलता येत नाही) आणि ग्रीसच्या नगरराज्यांपासून सुरुवात केली. फ्रेंच राज्यक्रांतीला शिपायाने चहा आणला, संविधान सभेपाशी कप उचलून नेले. शेवटी टेबलावर मूठ आपटून म्हणालो की ग्रामसभा हीच या देशाची खरी संसद आहे! बाई म्हणाल्या, "छान. तुमच्या ग्रामसभेला किती माणसं येतात?"

काका, मुरबाड तालुक्यातल्या वक्तृत्व स्पर्धांच्या ढाली आपल्या घरात मावत नाहीत, आणि या एका प्रश्नावर मी खाली बसलो. आठवली ती वही. सव्वीस जानेवारी असो की एक मे, झेंडा झाला की तुम्ही ती घेऊन आमच्या ओटीवर यायचात. "सही कर रे, कोरम भरायचाय. सभा झाली म्हणून समज." मी समजत आलो. बाईंनी माझ्या खाली बसण्यातून बरेच ओळखले असावे. म्हणाल्या, पंधरा ऑगस्टची सभा स्वतः बसून पाहा, दोन पाने लिहून अठराला आणा, मग तुमच्या अर्जाचं बघू.

तेव्हापासून पडून आहे. जो सभेत कधी बसलाच नाही, त्याने कुठल्या विभागात बसावे हेच कळेनासे झाले आहे.

तुमचा
(वहीप्रमाणे प्रत्येक सभेला हजर असलेला)
हरेश

ता. क. – पंधराला खरोखरीची सभा भरवाल का? दवंडी द्या, शाळेपुढे ताडपत्री टाका. दहा माणसे आली तरी माझी दोन पाने होतील. सभा झाली नाही, तर ती पाने त्या सह्यांच्या वहीविषयी लिहावी लागतील. आणि काका, मी लिहीन.

ता. क. दुसरे – आईला नक्की बोलवा. तिला सही येते, मीच शिकवली. पण शाळेत होतो तेव्हापासून वहीत तिच्या नावापुढे 'वत्सला' मीच लिहीत आलो आहे. या वेळी पेन तिच्या हातात द्या.