मागच्या ओळीतला ठोकळा

रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. ऐकू कमी येतं ही आईची तक्रार चालूच आहे. पण वरच्या मजल्यावरचं भांडण तिला छतातून अक्षरन् अक्षर ऐकू येतं आणि सकाळी चहाबरोबर ती मला ते ऐकवते. तू शिवलेला गाऊन ती घालत नाही. चांगला आहे म्हणून कपाटात जपून ठेवलाय. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे मी तुला काय सांगू.

स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. चिमीला सांग, तिची रंगपेटी सोफ्यामागे सापडली, मामाने जपून ठेवली आहे.

बघ, पान भरत आलं आणि मी अजून नळावरच अडकलोय.

काल भावोजींचा फोन आला होता. तू दुसऱ्या ऑपरेशनला नाही म्हणतेस. गुरुवारपर्यंत होकार कळवला नाही तर सर्जन ती तारीख दुसऱ्या पेशंटला देणार, आणि मग तुझ्या हातात काठी ती कायमचीच. भावोजींनी परोपरीने समजावलं तर तू म्हणालीस म्हणे, "पायात बसवलेला एक ठोकळा माझ्या उतावळेपणाने वाया गेला. आता दुसरा कुणा ऐकणाऱ्या माणसाला द्या." फोन ठेवला आणि मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो. तुला लगेच फोन करता आला असता. पण तू मध्येच "जाऊ दे रे" म्हणाली असतीस आणि मी खुशाल जाऊ दिलं असतं. म्हणून लिहितोय. भावोजी संध्याकाळी आईकडे येतील, त्यांच्या हाती पत्र देतो. त्यांना अजून काही माहीत नाही.

ताई, तुझं हाड तुझ्यामुळे बिघडलं नाही. माझ्यामुळे बिघडलं.

आमचं काम मी तुला शंभर वेळा रंगवून सांगितलंय. इमारतीला परांची बांधतात तसा हाडाच्या मोकळ्या जागेत सच्छिद्र ठोकळा बसवायचा. छिद्रांतून रक्त आत शिरतं, मागोमाग हाड चढत जातं, आणि मग परांची हळूहळू विरघळून जाते. सगळी भिस्त त्या छिद्रांवर. ती आरपार हवीत. स्पंज पांढऱ्या लगद्यात बुडवून भट्टीत भाजला की स्पंज जळून जातो आणि त्याच्याच आकाराचा ठोकळा उरतो. पण आमच्या भट्टीची मागची बाजू जरा जास्त तापते. तिथला ठोकळा करपला तर पोटातली छिद्रं मिटतात, आणि वरून बघून काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून नियम असा, की मागच्या ओळीतला एक ठोकळा लाल पाण्यात उभा करायचा आणि फोडून बघायचा. लाली पोटापर्यंत पोचली असेल तरच त्या ओळीतले बाकीचे दवाखान्यात पाठवायचे.

तुझ्या मापाचे तीन केले होते. पुढच्या ओळीतले दोन तडकले. मागच्या ओळीत एकच होता, तो धड निघाला. नियमाने तोच फोडायचा आणि सगळं पहिल्यापासून करायचं. म्हणजे तुझं ऑपरेशन तीन आठवडे पुढे.

तू पाय मोडून पाच महिने सळ्या लावून पडली होतीस, मला तुझी दया आली, असं लिहायला मला फार आवडलं असतं. थोडी आलीही होती. पण खरं कारण निराळं. ती तारीख मी नातेवाइकांत मिरवून झालो होतो. ताईचं हाड मी बनवतोय, असं काकांना सांगितलं, मावशीला सांगितलं, समोरच्या दुकानदारालाही सांगितलं. आता तारीख पुढे गेली तर काका सगळ्यांसमोर विचारणार, काय हाडवैद्य, फसलात वाटतं? एवढीशी गोष्ट होती ती. तेवढ्यासाठी मी तडकलेल्यांपैकी एक लाल पाण्यात उभा केला. पुढच्या ओळीतला, बेताचा भाजलेला. लाली सरसर चढली. फोडून फोटो काढला आणि वहीत लिहिलं, 'मागची ओळ, पास.'

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तू विचारलंस, आठवतं? "भाजल्यावर आटतं का रे ते? मग आधी धुऊन बघितलंस का?" गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी तू नवं कापड पाण्यातून काढल्याशिवाय त्याला कात्री लावत नाहीस. मी हसून म्हणालो होतो, "धुऊन, वाळवून, इस्त्री करून आणलाय." तूही हसलीस.

आता त्याहून वाईट सांगतो. दोन महिन्यांपूर्वी सर्जननी तुझ्या पायाचा नवा एक्स-रे दाखवला. हाड ठोकळ्याभोवती सालीसारखं वाढलेलं, आत काहीच नाही. मला बघताक्षणी कळलं. सर्जननी तुला विचारलं, पायावर लवकर भार दिलात का? तू बिचारी खरं बोललीस. चिमीच्या फ्रॉकची दुमड राहिली होती म्हणून महिनाभरातच मशीनवर बसलीस आणि तीन-चार वेळा पायडल दाबलंस. बोलताना रडलीस. आणि मी, शेजारी उभा राहून, काय म्हणालो? "ताई, तुला बजावलं होतं ना?"

ते वाक्य माझ्या तोंडून कसं आलं कोण जाणे. पण आलं, आणि आल्यावर मला हायसं वाटलं. सगळ्यांत जास्त लाज मला त्या हायसं वाटण्याची वाटते. तीन-चारदा पायडल दाबल्याने हाड रुसून बसत नाही; उलट थोडाफार भार त्याला मानवतो. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्या दिवसापासून तू सगळ्यांची माफी मागत फिरलीस, अगदी माझीसुद्धा. मी "असू दे" म्हणालो. मोठ्या मनाने. जीभ झडायला हवी होती.

आज सकाळी मी आमच्या लॅबच्या मॅडमच्या घरी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या हाकलून देतील. त्या म्हणाल्या, "बहिणीला सांगितलंत?" मी नाही म्हणालो. "मग आधी तिला सांगा. सर्जनकडे उद्या मी येते तुमच्याबरोबर." भट्टीचं काम माझ्याकडून काढलंय. नोकरीचं काय ते नंतर ठरेल. असं मी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत केलेलं नाही, पण माझ्या हातची प्रत्येक नोंद आता तपासली जाणार, आणि तपासायलाच हवी.

तुझा नवा ठोकळा आमच्याकडच्या एक बाई करणार आहेत. त्यांना आम्ही सगळे मागून कटकटी म्हणतो, कारण शंका आली की त्या अख्खी ओळ फोडून टाकतात. या वेळी तुझ्या मापाचे आठ करणार आहेत. मी त्या खोलीत पाऊलही टाकणार नाही.

मला माफ कर असं लिहिणार होतो. दोनदा लिहून खोडलं. तुला माफ करायची फार वाईट सवय आहे, तिचा मी आजवर पुष्कळ फायदा घेतला. तू रागव. हवं तर घरी येऊ देऊ नकोस, चिमीची रंगपेटी मी भावोजींकडे देईन. पण गुरुवारच्या आत सर्जनना हो कळव. आणि भावोजी म्हणाले, तू मशीनवर चादर टाकून ठेवली आहेस. ती काढ, ताई. मशीनने काही केलं नव्हतं, तुझ्या पायानेही नाही.

तुझा धाकटा भाऊ

(नेहमीच्या सवयीने खाली 'हाडवैद्य' लिहायला गेलो आणि हात थांबला. ते नाव तू लाडाने ठेवलं होतंस. सध्या तुझ्याकडेच राहू दे.)